थोरलीचं तोंड फोकसमध्ये

कॅमेऱ्याची बॉडी: मुलीने टाकून दिलेली. लेन्स: बॉडीबरोबर फुकट आलेली.

बक्षीस मिळालेल्या फोटोत एक बाई पाण्यातून वर येते आहे. बाई आहे हे टोपीवरून कळतं, वर येते आहे हे पाण्यावरून. बाकी सगळं धुकं. चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग, डागाच्या खालच्या अंगाला काळसर भोक, आणि भोवती पाण्याचे पांढरे फराटे, कुणीतरी ओल्या फडक्याने काच पुसावी तसे.

फोटोग्राफी क्लबातले लोक हाताची घडी घालून या फोटोसमोर उभे राहिले. "काय मूड आहे," एकजण म्हणाला. दुसऱ्याने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली आणि "चित्रच आहे हे," असं ठरवून टाकलं. अध्यक्ष म्हणाले, "चेहरा नाही, म्हणून ती आपल्या प्रत्येकाची आई आहे." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की बक्षीस देताना त्यांनी ते माईकवर पुन्हा म्हटलं.

ती कुणाचीच आई नव्हती. ती फोटो काढणारीची थोरली बहीण होती, आणि त्या वेळी दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

घरी जाताना थोरली म्हणाली, "मी कुठंय त्यात?"

"मधोमध आहेस की, ताई."

"मधोमध डाग आहे."

"तो तूच."

"बरं." थोरली चालत राहिली. कोपरा वळल्यावर म्हणाली, "पाण्यात तोंड घालायला मी किती महिने घालवले, ठाऊक आहे ना तुला? आणि तू तोंडच पुसून टाकलंस. वर बक्षीस घेतलंस."

बक्षिसाचा कप धाकटीने पिशवीत घातला होता, आणि त्याचा एक कान बाहेर डोकावत होता, तो ती आत ढकलत होती. बोलायचं काय? बहिणीचं म्हणणं खरं होतं. तो फोटो चुकला होता. तलावावर उजेड कमी, लेन्सचं तोंड अरुंद, उजेड पुरेसा आत यावा म्हणून शटर रेंगाळतं, आणि तेवढ्यात थोरली हललेली असते. जे काढायचं होतं ते निघालं नाही. जे निघालं त्याला टाळ्या पडल्या.

बॉडी: तीच. लेन्स: तीच. हिला काय काढायचं होतं, ते.

आता या दोघींची ओळख करून द्यायला हवी.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, ती त्याचं प्लास्टरचं जबड्याचं मॉडेल करते, त्यावर मेण, मेणावर दात, मग घासणं, मग पुन्हा घासणं. तिच्या टेबलावर दिवसभर अनोळखी जबडे आ वासून बसलेले असतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. कॅमेरा तिने घेतलेला नव्हता. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा कपाटात ठेवून गेली, म्हणाली, "फोन असताना हे धूड कोण वागवणार." धाकटीने तो सुरुवातीला फक्त जबड्यांचे फोटो काढायला वापरला. मग खिडकीचे. मग नवऱ्याचे, पण तो डुलकी घेत असतानाचे, कारण जागा असला की तो पोट आत घ्यायचा.

थोरली म्हणजे थोरली. आई लवकर गेली तेव्हा हिने घर हातात घेतलं, धाकटीच्या वेण्या घातल्या, धाकटीचं लग्न लावलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं की तिने ठेवलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. थोरलीचा चेहरा म्हणजे वरपर्यंत बटणं लावलेला कोट. आनंद झाला तरी तोच, ऑपरेशनला नेलं तरी तोच. धाकटीने आयुष्यभर त्या कोटाकडे पाहिलं होतं, आत कोण आहे ते तिला कधी दिसलं नव्हतं.

मग थोरलीचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. या वयात, पाण्याची मरणाची भीती असलेल्या बाईला. पण थोरली गेली. छताखालच्या त्या जुन्या तलावात, सकाळच्या बायकांच्या वेळेत, उथळ कडेला दांडी धरून उभी राहायला लागली. एके दिवशी धाकटी टॉवेल धरायला बरोबर गेली होती. थोरलीने दांडी सोडली, खाली गेली, आणि वर आली.

वर आली ती थोरली नव्हती. म्हणजे होती, पण बटणं उडालेली. डोळे टक्क उघडे, मान ताणलेली, तोंड मोठ्ठं, आणि सगळ्या चेहऱ्यावर असं काही, की ही आता पाण्याखाली कुणाशीतरी हातघाईवर आली होती आणि त्याला लोळवून आली. डोळा मिटून उघडेपर्यंत. मग हाताने तोंडावरचं पाणी निपटलं आणि कोट पुन्हा जागच्या जागी.

तो मधला क्षण. धाकटीला तो हवा होता. तलावावर देखरेख करणाऱ्या बाईंनी परवानगी दिली, "फक्त तुमच्या बहिणीचा काढा, दुसऱ्या कुणावर कॅमेरा वळला तर बाहेर." धाकटी काठावर पोटावर पडून फोटो काढायला लागली, आणि दर वेळी कॅमेऱ्यात डाग यायला लागला. त्यातलाच एक डाग तिने स्पर्धेला पाठवला, कारण दुसरं काही नव्हतं.

बॉडी: तीच. लेन्स: तीच, आता क्लबची शान.

बक्षिसानंतर क्लबात तिचं नाव 'किट लेन्सवाल्या काकू' पडलं. कॅमेऱ्याच्या खोक्यात जी साधी लेन्स येते ती किट लेन्स. नवा माणूस क्लबात आला आणि "कुठली लेन्स घेऊ?" म्हणाला की अध्यक्ष त्याला खांद्याला धरून काकूंसमोर आणून उभं करायचे. "यांना बघा. कपाटात पडलेला कॅमेरा. खोक्यातली लेन्स. आणि तुम्ही फोटो पाहिलाच असेल." मग ते आपल्या चामड्याच्या बॅगेतून एक लांबलचक पांढरी लेन्स काढत, तिच्यावर फुंकर मारत आणि म्हणत, "कॅमेऱ्यात काही नसतं. सगळं नजरेत असतं."

अध्यक्ष वाईट नव्हते. घरं बांधायचा धंदा मुलांवर सोपवून आता झाडांचे फोटो काढत होते, आणि क्लबाच्या चहाचा खर्च गुपचूप स्वतः करत होते. फक्त त्यांना काकू जिथे सापडल्या तिथेच हव्या होत्या.

"सर," एकदा धाकटी म्हणाली, "तलावावर उजेड फार कमी आहे. मोठ्या तोंडाची एखादी लेन्स घ्यावी म्हणते."

"काकू, काकू. तुम्ही नका या नादाला लागू."

"तुम्ही लागलात."

"आम्ही वाया गेलेली माणसं." आजूबाजूला हशा.

"मग मलाही थोडी वाया जाऊ द्या की."

हशा पुन्हा झाला. ती चेष्टा करत नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अध्यक्षांनी तिला थोपटल्यासारखं केलं. "तुमच्या फोटोत जो मूड आहे ना, तो या लेन्सनी मरेल. सगळं दिसायला लागलं की फोटो संपतो."

धाकटी लॅबमध्ये परतली. समोर एका गृहस्थांचा वरचा जबडा होता, आणि कवळी डाव्या बाजूला हलत होती. एरवी ती कामात बोलत नाही. त्या दिवशी जबड्याला म्हणाली, "तुम्हाला मूडवर बसवू का?"

बॉडी: तीच. लेन्स: दुकानाच्या काचेपलीकडे.

"कप मिळाला ना याच कॅमेऱ्यावर?" नवऱ्याने विचारलं.

"मिळाला."

"मग?"

"मग काय?"

"मग आता नवी लेन्स कशाला?"

"कप नको होता मला. ताईचा चेहरा हवा होता."

"ताईचा चेहरा मी पंचवीसेक वर्षं बघतोय. इतका काही—"

"अहो, जरा."

"बरं. पण हात चांगला असला की वस्तू कुठलीही चालते, असं ते तुमचे अध्यक्षच म्हणतात."

"तुम्ही लिफ्ट दुरुस्त करायचात."

"हो."

"पेटीत पाने किती होते तुमच्या?"

"आता ते वेगळं—"

"एकदा मी तुमचा छोटा पाना मोरीच्या नळाला लावला तर घर डोक्यावर घेतलं होतंत. नटाच्या मापाचाच पाना हवा म्हणून. तेव्हा हात चांगला नव्हता वाटतं तुमचा?"

"तो माझा पोटापाण्याचा धंदा होता. हा तुझा छंद आहे."

"म्हणून त्याला चुकीचा पाना चालेल?"

नवरा थोडा वेळ पेपर वाचत असल्यासारखा बसला. पान उलटं होतं असं नाही, पण उलटलंही नाही. शेवटी म्हणाला, "दुकानात मी येऊ का बरोबर?"

"कशाला?"

"तुला गंडवलं तर."

"मला गंडवेल त्याचे दात काढून त्याच्याच हातात देईन," धाकटी म्हणाली आणि एकटी गेली.

बॉडी: तीच. लेन्स: मोठ्या तोंडाची. फोटो: एकही धड नाही.

दुकानदार वापरलेला माल ठेवणारा होता, आणि त्याने एक गोष्ट सरळ सांगितली. ही लेन्स पुढे-मागे होत नाही. दूरचं जवळ आणायचं तर तुम्हीच पुढे व्हायचं. तोंड मोठं, म्हणजे उजेड ढीगभर, पण जे फोकसमध्ये येईल ते कागदाच्या जाडीएवढंच. "चुकलात की गेलं," तो म्हणाला. धाकटीला ते ऐकून बरं वाटलं. असल्या जाडीचा तिला सराव होता.

पण जबडा पळत नाही, थोरली पळते.

पहिल्या दिवशी टोपीची शिवण लख्ख आली. दुसऱ्या दिवशी कान. मग काही दिवस फक्त मागच्या भिंतीच्या फरशा, त्या इतक्या सुरेख, की तलावावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या फरशांचे काढताय का?" एका फोटोत थोरलीची नाकपुडी अशी आली होती की आत शिरून राहावं, आणि डोळे मात्र धुक्यात.

तिने हे फोटो क्लबात दाखवले. लपवून ठेवायचे हे तिला सुचलं नाही. लॅबमध्ये बिघडलेली कवळी टेबलावर उघडीच ठेवतात, म्हणजे का बिघडली ते कळतं. क्लबात मात्र एकदम दिलासा पसरला. "काकू, जुनीच बरी होती." "आम्ही म्हणत नव्हतो?" एकाने तिला आपली जुनी किट लेन्सच देऊ केली, प्रेमाने, पथ्याचं खाणं द्यावं तशी. अध्यक्षांनी फक्त तिच्या नव्या लेन्सवर आपल्या मऊ फडक्याने एक हात फिरवला आणि ती परत दिली. ते तिला सगळ्यात लागलं.

"फोटो वाईट आहेत," ती म्हणाली. "मी बघतेय. पण आधीचे आंधळे होते. हे चुकीच्या जागी बघताहेत. जागा शिकवता येते."

शिकवता शिकवता तिला कळलं की लेन्सचा दोष नाही. कॅमेराच म्हातारा होता. थोरली वर यायची, कॅमेरा विचार करायचा, आणि त्याचा विचार होईपर्यंत थोरली टॉवेलपाशी. ती पुन्हा दुकानात गेली, मुलीची बॉडी दिली, वर भर घातली आणि हलत्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस धरून ठेवणारी दुसरी बॉडी घेऊन आली. हीही वापरलेलीच, पकडीपाशी कुणाच्या तरी अंगठ्याने गुळगुळीत झालेली.

मुलीचा फोन आला. "आई, माझा कॅमेरा विकलास?"

"तू टाकला होतास."

"अगं, आठवण होती ती."

"मग आठवणीचा तुझ्या फोननेच एक फोटो काढून ठेवायचा होतास."

नवऱ्याने आतून विचारलं, "लेन्स झाली, बॉडी झाली. आता पुढचा नंबर माझा काय?"

"तुम्ही चालताय अजून," धाकटी म्हणाली.

हा फोटो.

पाणी काचेच्या कण्या होऊन हवेत थांबलंय. टोपी वर सरकली आहे आणि तिच्याखालून पांढऱ्या केसांची एक बट कपाळाला चिकटली आहे. डोळ्यांत छताचे दिवे आहेत, दोन्ही डोळ्यांत दोन दोन. पापण्या मोजता येतील. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या. आणि थोरली कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणाकडेच बघत नाही, ती नुकतीच जिंकली आहे आणि अजून तिला ते कुणाला सांगायचं सुचलेलं नाही.

धाकटी काठावर तशीच पडून राहिली. फरशी पोटाला गार लागत होती. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, डोळ्यांवरून खाली आली, आणि थांबली.

तोंडात दात नव्हते.

ठाऊक होतं तिला. थोरलीची कवळी तिनेच तर बनवली होती. सुरुवातीला एकदा दम घेताना खालची कवळी निसटून तळाला गेली, आणि तलावावरच्या बाईंनी बुडी मारून ती वर आणली, तेव्हापासून थोरली वरची-खालची दोन्ही डबीत घालून कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि मगच पाण्यात उतरायची. कपाटापासून पाण्यापर्यंत तोंडावर टॉवेल. पाण्यापासून कपाटापर्यंत तोंडावर टॉवेल. धाकटी आणि तलावावरच्या बाई सोडल्या तर थोरलीचं बोळकं तोंड कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. डाग असताना ते भोक होतं, आणि भोकाला लोक मूड म्हणत होते. आता ते तोंड होतं. हिरड्या दिसत होत्या, ओल्या, गुलाबी, पाठीमागच्या कडेपर्यंत.

ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या हिरड्या झाकल्या, तिने स्वतःच्या बहिणीच्या उघड्या करून ठेवल्या होत्या. फोटो पुसायच्या बटणावर तिचा अंगठा गेला. तिथे राहिला. थोरली टॉवेलमधून म्हणाली, "ऊठ, सर्दी होईल." धाकटीने अंगठा काढून घेतला.

संध्याकाळी तिने थोरलीच्या स्वयंपाकघरात फोटो तिच्यापुढे ठेवला, आणि बघायच्या आधीच म्हणाली, "दात नाहीत यात."

"दिसतंय मला."

"मी पुसून टाकते."

"थांब की." थोरलीने चष्मा बदलला. गॅसवर चहा होता, तो उतू जायच्या बेतात आला तेव्हा तिने न बघता गॅस बारीक केला. "असं करते मी?"

"दर वेळी."

"मला वाटायचं घाबरलेली दिसत असेन."

"घाबरलेली दिसतेस?"

थोरलीने फोटो लांब धरला, मग जवळ. "चावेन कुणाला तरी, अशी दिसते. आणि चावायला दात नाहीत."

"ताई, दात घालता येतात फोटोत. कॉम्प्युटरवर."

"तुला हौसच आहे लोकांना दात घालायची." थोरली हसली, आणि हसताना सवयीने हात तोंडावर गेला. मग तिने तो हात खाली घेतला, टेबलावर ठेवला, जणू तो दुसऱ्याचा होता. "हाच लाव त्या प्रदर्शनात."

"लोक बघतील."

"मग कशाला काढतेस? धुकं होतं तेव्हा टाळ्या घेतल्या माझ्या नावावर. आता ओळखू यायला लागले तर लाजायचं? तू लाजत असशील तर सांग."

"मी नाही लाजत."

"मग लाव. चहा घे."

निवड समिती

क्लबाचा एक रिवाज होता. गेल्या वर्षीचा बक्षिसाचा फोटो यंदाच्या प्रदर्शनात दारासमोर लागायचा, एकटा, मोठ्या चौकटीत, आणि त्याखाली कॅमेऱ्याची आणि लेन्सची पाटी. दार उघडलं की पहिला तो दिसायचा. बाकीचे फोटो समिती निवडायची.

डाग दारासमोर लागणार होता. पाटीही छापून झाली होती: 'जुना कॅमेरा. किट लेन्स.'

नवा फोटो धाकटीने यंदाच्या निवडीसाठी दिला. अध्यक्षांनी तो टेबलावर ठेवला, आणि समितीतले सगळे आधी त्याच्याकडे आणि मग खिडकीकडे बघायला लागले.

"फोकस अचूक आहे," अध्यक्ष म्हणाले. "तांत्रिकदृष्ट्या मी काही बोलूच शकत नाही. पण काकू, एका वयस्कर बाईची प्रतिष्ठा असते."

"ती माझी बहीण आहे."

"म्हणूनच म्हणतो. विचारलंत का त्यांना?"

"तीच लाव म्हणाली."

"प्रदर्शन म्हणजे काय, किती लोक येतात, याची त्यांना कल्पना नसेल."

"गेल्या वर्षी दुसऱ्या रांगेत बसली होती."

अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, फडक्याने पुसला. "पहिल्या फोटोत ती कुणीही होती. म्हणून मोठी होती. इथे ती फक्त एक... एक ठरावीक बाई झाली."

"हो," धाकटी म्हणाली. "तीच."

फोटो नापास झाला. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तिला फक्त हे दिसलं, की दार उघडलं की पुन्हा एकदा डाग, पुन्हा एकदा हाताच्या घड्या, पुन्हा एकदा प्रत्येकाची आई, आणि थोरली पर्स घेऊन रांगेत. बहिणीला तिने शब्द दिला होता. समितीने नाही म्हटलं म्हणून तो शब्द काही परत घेता येत नव्हता.

मोठ्या चौकटीतला फोटो छापून आणायचं काम, रिवाजानेच, ज्याचा फोटो त्यानेच करायचं होतं.

दारासमोर

फोटो टांगायच्या सकाळी धाकटी तपकिरी कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन आली. माप बरोबर. नवऱ्याने एका बाजूने धरली होती, आणि आयुष्यभर लिफ्ट सरळ लटकवलेल्या माणसाने खिळा कुठे हवा हे कुणाला सांगू दिलं नाही. कागद काढला. चौकट चढवली. नवऱ्याने एक डोळा मिटून कड बघितली, मग फोटो बघितला, आणि म्हणाला, "ही अशी आहे होय." आणि शिडी घेऊन गपचूप बाजूला झाला.

अध्यक्ष आतल्या दालनातून आले तेव्हा बाहेर लोक जमायला लागले होते.

"हा कुठला?"

"गेल्या वर्षीचा."

"काकू, गेल्या वर्षीचा मला पाठ आहे."

"तीच बाई, तोच तलाव, तोच क्षण," धाकटी म्हणाली. "गेल्या वर्षी नीट निघाला नव्हता. आता निघाला."

"हे नियमात बसत नाही."

"बक्षीस तुम्ही चुकलेल्याला दिलंत. मी ते घेतलं, ती माझी चूक. आता दुरुस्त करून आणलाय."

"खाली पाटी काय आहे? किट लेन्स. लोकांना आपण काय सांगत होतो?"

तेवढं तिच्या ध्यानात होतं. तिने खिशातून पट्टी काढली आणि छापील पाटीवर चिकटवली. तिच्या हाताच्या अक्षरात, लॅबमध्ये मॉडेलवर रुग्णाचा नंबर लिहितात तशा टोकदार अक्षरात, नव्या बॉडीचं नाव, नव्या लेन्सचं नाव. खाली: 'याशिवाय निघाला नसता.'

अध्यक्ष लाल झाले. "हे तुम्ही माझ्या तोंडावर लिहिलंय."

"नाही सर. हे माझ्याविषयी आहे. तुम्ही सगळ्यांना सांगता, यांच्याकडे काही नाही आणि तरी बघा. मला ते 'तरी' नको. मला जे लागतं ते मी आणलं आणि मग काढला. तुमच्या बॅगेत जे आहे त्याला कुणी 'तरी' म्हणतं का?"

"उतरवा तो."

"मी नाही उतरवणार. तुम्ही उतरवा. शिडी तिथे आहे."

तिने आवाज चढवला नव्हता. क्लबातले तिघे-चौघे पाट्या सरळ करायचं सोडून उभे राहिले होते. अध्यक्ष खरंच शिडीकडे वळले, एक पाऊल गेले, आणि तेव्हाच मागच्या दाराने थोरली आत आली. कोट, पर्स, दात. तिने नमस्कार केला.

"बरं झालं आलात," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच समजवा यांना. ताई, तुम्हाला हे असं लावलेलं बरं वाटतंय का?"

थोरलीने फोटोकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या मापात तिने तो पहिल्यांदाच बघितला. तिचे ओठ घट्ट मिटले आणि एक क्षण धाकटीला वाटलं की आता ही 'उतरव' म्हणणार, आणि ती म्हणाली तर आपण उतरवू.

"गेल्या वर्षी मला बरं वाटलं नव्हतं," थोरली म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नाही."

अध्यक्षांचा हात शिडीवर होता. तो त्यांनी काढून घेतला. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं, मग पुन्हा केलं, आणि दार उघडायचं काम, रिवाजाने, अध्यक्षांचंच होतं. ते गेले, कडी काढली आणि लोकांना "या, या" म्हणून थेट आतल्या दालनात, आपल्या झाडांकडे निघून गेले.

लोक आत आले. पहिल्या बाईने फोटो बघितला आणि नकळत स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. एक म्हातारे गृहस्थ हसले, पण कुणाला हसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक मुलगा वडिलांना म्हणाला, "हिला दात नाहीत," आणि वडील म्हणाले, "श्श," आणि थोरली म्हणाली, "नाहीतच. काढून ठेवते." क्लबातला एकजण धाकटीच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगू? मला आधीचाच आवडतो."

"आवडू दे. मी तो परत काढणार नाही."

थोरली अजून फोटोसमोरच होती. गर्दी तिला वळसा घालून जात होती, काही लोक फोटोवरून तिच्याकडे आणि तिच्यावरून फोटोकडे बघत होते, आणि ती हलत नव्हती. धाकटी शेजारी जाऊन उभी राहिली.

"नाक मोठं आलंय," थोरली म्हणाली.

"नाक मोठंच आहे, ताई."

"हं." थोरलीने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "असू दे."